पत्रांतून गणित शिकलेली ॲडा लव्हलेस

कोडिंग मोफत शिकवणाऱ्या लिंक हल्ली पालकांच्या ग्रुपवर सारख्या येत असतात. स्क्रॅच आहे, कोड डॉट ऑर्ग आहे, मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहे. त्यातले कित्येक धडे तर मराठी आवाजात ऐकायला मिळतात. एक रुपयाही लागत नाही. तरी पालकांचा एक प्रश्न उरतोच. मूल घरी बसून, एकट्यानं हे शिकू शकतं का? मला या प्रश्नासाठी ॲडा लव्हलेसचं चरित्र फार महत्त्वाचं वाटतं. जगातली पहिली प्रोग्रामर म्हणून जिचं नाव घेतात, तीच ही. तीही घरीच शिकली. शाळेत गेली नाही, आणि इंग्लंडच्या विद्यापीठांची पदवी त्या काळी मुलींसाठी नव्हतीच.

ॲडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लॉर्ड बायरन, त्या वेळचे इंग्लंडमधले सर्वात गाजलेले कवी. आई ॲनाबेला हिला गणिताची मनापासून आवड. दोघांचं पटलं नाही. ॲडा जेमतेम एक महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. बायरन यांनी त्याच वर्षी देश सोडला आणि मुलीला ते पुन्हा कधीच भेटले नाहीत. ती आठ वर्षांची असताना ग्रीसमध्ये त्यांचं निधन झालं.

मुलीनं बापाच्या वळणावर जाऊ नये, ही आईची मोठी धास्ती होती. कल्पनेत रमणारं मन बिघडतं आणि त्यावर गणित हे औषध, असं तिला वाटे. म्हणून लहानपणापासून घरी शिक्षक ठेवून गणित, भाषा, संगीत सुरू झालं. अभ्यास चांगला केला की तिकीट मिळायचं, चुकलं की काढून घेतलं जायचं. आज आपण वर्गात स्टार देतो तसंच म्हणा ना! पण आईचा हेतू काही सफल झाला नाही. बारा वर्षांच्या ॲडानं ठरवलं की आपण उडायचं. पक्ष्यांच्या पंखांचं माप आणि शरीराचं माप यांचं प्रमाण काय, पंख कशाचे करायचे, वाफेवर उडणारा घोडा करता येईल का, असा तिचा अभ्यास सुरू झाला. या विद्येला तिनं नावही दिलं होतं. कल्पना आणि मोजमाप तिच्या डोक्यात एकत्रच नांदत होती.

पुढच्याच वर्षी, १८२९ मध्ये, तिला गोवर झाला आणि पायांतली शक्ती गेली. बराच काळ अंथरुणात गेला, नंतर कुबड्या आल्या. पुढे ती चालू लागली, पण प्रकृती आयुष्यभर नाजूकच राहिली.

जून १८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिची चार्ल्स बॅबेज या गणितज्ञांशी ओळख झाली. त्यांनी एक यंत्र बनवायला घेतलं होतं आणि त्याचा तयार झालेला छोटा भाग ते घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवत. बाकीचे पाहुणे चाकं फिरताना बघून खूश व्हायचे. ॲडाला मात्र ते आतून कसं चालतं हे समजून घ्यायचं होतं.

यंत्राची युक्ती आपण पाचवीच्या मुलांनाही दाखवू शकतो. फळ्यावर वर्गसंख्या लिहा: १, ४, ९, १६, २५. शेजारच्या दोन संख्यांमधला फरक लिहा: ३, ५, ७, ९. आता या फरकांमधला फरक बघा: २, २, २. म्हणजे पुढची वर्गसंख्या काढायला गुणाकाराची गरजच नाही. ९ मध्ये २ मिळवले की ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. नुसती बेरीज! आणि बेरीज दातेरी चाकांना करता येते. त्या काळी जहाजांना दिशा काढायला, आकडेमोडीला छापील कोष्टकांची पुस्तकं लागत. ती माणसं हातानं तयार करत आणि त्यात चुका राहत. बॅबेज यांना चुका न करणारं यंत्र हवं होतं.

पुढच्या वर्षी ॲडा आईबरोबर उत्तर इंग्लंडमधले कारखाने बघायला गेली. तिथं तिनं जॅकार्डचे माग पाहिले. सोलापूरच्या चादरीवरची नक्षी ज्या पद्धतीच्या मागावर निघते, त्याचं हे मूळ. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलते, माग तोच राहतो. बॅबेज यांनी पुढं नवीन यंत्राची कल्पना काढली, त्यात हीच कार्डं वापरायची असं ठरवलं. या यंत्राला आकडे साठवायला ‘कोठार’ आणि आकडेमोड करायला ‘गिरणी’ असे दोन भाग होते. आजच्या मेमरी आणि प्रोसेसरचे हे पणजोबाच.

मध्यंतरी १८३५ मध्ये लग्न झालं. नंतर पतीला लव्हलेसचे अर्ल ही पदवी मिळाली, त्यामुळं ती लव्हलेसची काउंटेस झाली. १८३९ पर्यंत तीन मुलं झाली. घरात नोकरचाकर होते, पैशाची ददात नव्हती, हे इथं सांगायलाच हवं. आपल्या वर्गातल्या मुलींच्या आयांना अशी मोकळीक कुठली मिळणार!

आता तिच्या चरित्रातला मला सर्वात आवडणारा भाग. तिसऱ्या मुलानंतर, चोविसाव्या वर्षी, ॲडानं पुन्हा गणिताला हात घातला. १८४० च्या उन्हाळ्यात ऑगस्टस डी मॉर्गन यांनी तिला शिकवायचं कबूल केलं. हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक होते. त्यांचा जन्म आपल्याकडे, मदुराईला झालेला. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत एका डोळ्याची दृष्टी गेली आणि काही महिन्यांचे असतानाच कुटुंब इंग्लंडला परतलं. तर्कशास्त्रातले त्यांचे नियम आजही कोडिंग शिकणाऱ्या मुलांना शिकावे लागतात.

हे शिक्षण चालायचं मुख्यतः टपालानं. डी मॉर्गन यांनी कलनशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं होतं. लंडनमध्ये सर्वसामान्य माणसाला स्वतःच्या स्वतः शिकता यावं म्हणून स्वस्त पुस्तिका काढणारी एक मंडळी १८२६ साली स्थापन झाली होती. तिच्याकडूनच हे पुस्तक भागाभागानं निघत होतं. आजची मोफत संकेतस्थळं ज्या हेतूनं निघाली, त्याच हेतूनं. म्हणजे ॲडाच्या हातातलं पुस्तक काही खास तिच्यासाठी लिहिलेलं नव्हतं, ते बाजारात कुणालाही मिळत होतं. तिला वेगळं मिळालं ते एकच. अडलं की पत्र लिहायचं आणि उत्तर यायचं.

आणि अडायचं किती! पत्रं वाचली की आपण शिक्षक म्हणून चकित होतो. साधी बीजगणिती मांडणी करताना ती चुकते. एका सूत्रात दुसरी किंमत घालून पुढं कसं जायचं हे तिला सुचत नाही. फलनांच्या एका समीकरणानं तर तिला इतकं दमवलं की तिनं त्याला चकव्याची उपमा दिली. हातात आलं म्हणावं तर पुन्हा लांब पळतं. हे सगळं ती न लाजता लिहून पाठवते. कुठल्या पानावर, कोणत्या ओळीपाशी गाडी अडली ते नेमकं सांगते. पुस्तकातली पायरी पटली नाही तर का पटली नाही तेही लिहिते. डी मॉर्गन चूक दाखवतात, कधी नुसता इशारा देतात, की अमुक गोष्ट आधी करून बघा. दीड वर्षाहून अधिक काळ हे चाललं. जन्मतःच गणिती प्रतिभा घेऊन आलेली मुलगी असं तिच्याबद्दल सांगतात. पत्रांत दिसते ती दोन मुलगे नि एक मुलगी सांभाळून पुन्हा अभ्यासाला बसलेली, चिकट स्वभावाची विद्यार्थिनी.

डी मॉर्गन यांची एक गोष्ट मात्र खटकते. १८४४ मध्ये त्यांनी ॲडाच्या आईला एक पत्र पाठवलं. ही व्यक्ती तरुण पुरुष असती आणि केंब्रिजला गेली असती तर स्वतंत्र संशोधन करणारी गणितज्ञ होण्याची शक्यता होती, असं त्यांचं मत. पण बाईच्या शरीराला एवढा ताण झेपणार नाही, ही भीती, म्हणून हे त्यांनी ॲडाला कधी कळू दिलं नाही. इतका चांगला शिक्षक! पण विद्यार्थिनीला तिची कुवत सांगायची वेळ आली तेव्हा गप्प बसला.

तोवर ॲडाचं मुख्य काम होऊन गेलं होतं. बॅबेज यांनी १८४० मध्ये इटलीतल्या तुरीनला नव्या यंत्रावर व्याख्यानं दिली. तिथल्या मेनाब्रेआ नावाच्या अभियंत्यानं त्यावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला. हे गृहस्थ पुढं इटलीचे पंतप्रधान झाले. ॲडानं तो लेख इंग्रजीत आणला. बॅबेज यांनी सुचवलं की स्वतःच्या टिपाही जोड. १८४३ च्या उन्हाळ्यात दोघांमध्ये पत्रांचा पाऊस पडला. टिपा झाल्या सात, आणि मूळ लेखापेक्षा जवळजवळ तिप्पट लांब.

शेवटच्या टिपेत बर्नोली संख्या काढण्याची रीत आहे. या संख्या म्हणजे काय हे नाही समजलं तरी चालेल. तिनं काय केलं ते बघा. एक मोठा तक्ता आखला. प्रत्येक ओळीत एकच क्रिया, बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा भागाकार. कोणत्या दोन खान्यांतले आकडे घ्यायचे, उत्तर कोणत्या खान्यात ठेवायचं, कोणत्या खान्यातली किंमत बदलली नि कोणत्यातली तशीच राहिली, सगळं लिहिलेलं. अशा पंचवीस क्रिया. तेराव्यापासून तेविसाव्यापर्यंतच्या क्रिया पुन्हा करायच्या, अशी सूचनाही आहे. स्क्रॅचमध्ये मुलं पुनरावृत्तीचा ठोकळा लावतात ना, तेच हे, आणि तेही यंत्र अस्तित्वात नसताना! तक्ता पेन्सिलीनं तयार झाला आणि त्यावर शाई फिरवायला तिचे पती बसले होते. माझ्या मते हा या चरित्रातला सर्वात गोड प्रसंग आहे.

बॅबेज यांना सरकारवर राग होता. पहिल्या यंत्रासाठी सरकारनं हजारो पौंड दिले आणि काम अर्धवट राहिल्यावर हात काढून घेतला. लेखाला आपली एक निनावी तक्रार जोडावी असा त्यांचा आग्रह. ॲडानं ठाम नकार दिला. भांडण झालं, मिटलंही. लेख छापून आला तेव्हा खाली फक्त ए. ए. एल. ही आद्याक्षरं होती. मोठ्या घरच्या बाईनं पूर्ण नावानं शास्त्रीय लेख छापणं रीतीला धरून नव्हतं.

तिला पहिली प्रोग्रामर म्हणावं का, यावर अभ्यासकांत वाद आहेत. बॅबेज यांनी त्याआधी काही वर्षं आपल्या वह्यांत अशा क्रियांच्या याद्या केल्या होत्या, पण छापल्या नव्हत्या. बर्नोलीच्या कामात त्यांनीही मदत केली आणि त्यांची एक मोठी चूक ॲडानं पकडली, हे त्यांनीच पुढं आत्मचरित्रात नोंदवलं आहे. मला स्वतःला हा पहिल्या नंबरचा वाद तितका महत्त्वाचा वाटत नाही. बॅबेज आकड्यांचाच विचार करत होते. ॲडाला दिसलं की आकड्याच्या जागी दुसरं काहीही ठेवता येईल. सुरांमधले संबंध नियमांत बसवले तर यंत्र संगीतही रचेल. त्याचबरोबर तिनं हेही बजावलं, की यंत्र स्वतःहून नवीन काही निर्माण करत नाही, आपण सांगू तेवढंच करतं. या मुद्द्याला ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये आपल्या प्रसिद्ध लेखात सविस्तर उत्तर दिलं. एआयवर आज घरोघरी जी चर्चा चालते, ती इथून सुरू झाली.

पुढची वर्षं फारशी सुखाची नव्हती. आजारपण, औषधांची सवय, घोड्यांच्या शर्यतींवर पैज आणि त्यातलं मोठं कर्ज. घरचे हिरे गहाण पडले. गर्भाशयाच्या कर्करोगानं २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती गेली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. वडीलही याच वयात गेले होते. तिच्या इच्छेनुसार तिला हकनॉल गावच्या चर्चमध्ये, जे वडील कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्या शेजारी पुरलं.

टिपा शंभर वर्षं जवळपास विस्मरणात गेल्या. संगणक आल्यावर, १९५३ मध्ये, त्या एका इंग्रजी पुस्तकात पुन्हा छापल्या गेल्या. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं एका संगणक भाषेला ‘ॲडा’ हे नाव दिलं आणि तिच्या मानक क्रमांकात १८१५ हे तिचं जन्मवर्ष घातलं.

ॲडा आणि डी मॉर्गन यांची पत्रं क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर आहेत. मूळ हस्ताक्षराचं चित्र आणि शेजारी छापील मजकूर, दोन्ही मोफत. इंग्रजी जुनं आहे, पण खोडलेलं नि पुन्हा लिहिलेलं वरच्या वर्गातल्या मुलांना नुसतं दाखवलं तरी ती बघत बसतील. टिपाही इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. पंचवीस ओळींचा तो तक्ता उघडा आणि चौथी ओळ बघा. भागाकारातल्या दोन संख्या उलट-सुलट छापल्या गेल्या आहेत. कार्डं त्याप्रमाणं पाडली असती, तर यंत्रानं मुकाट्यानं चुकीचं उत्तर काढलं असतं.