अ‍ॅलन ट्युरिंग : बुद्धीचा गौरव, माणसाची उपेक्षा



शाळेच्या संगणक कक्षात आपण नेहमी जातो. तिथले एकच यंत्र हिशेब करते, चित्र काढते, पत्रही लिहिते. त्याला दिलेल्या सूचना बदलल्या की त्याचे काम बदलते. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. पण जगात असे एकही यंत्र नव्हते, तेव्हा म्हणजे १९३६ साली, ही कल्पना गणिताच्या काटेकोर भाषेत मांडली ती चोवीस वर्षांच्या एका इंग्रज तरुणाने. त्यांचे नाव अ‍ॅलन ट्युरिंग.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ज्युलियस हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये मद्रास इलाख्यात अधिकारी होते. आई एथेल सारा यांचा जन्म मद्रास इलाख्यातलाच. त्यांचे वडील तिथल्या रेल्वेत मुख्य अभियंता होते. आईवडील हिंदुस्थानात आणि अ‍ॅलन व त्याचा थोरला भाऊ जॉन इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी, अशी या कुटुंबाची अनेक वर्षे गेली.

१९२६ साली तेरा वर्षांचा अ‍ॅलन शेरबोर्न येथील शाळेत दाखल झाला. सत्राच्या पहिल्या दिवशी देशभर संप होता, गाड्या बंद होत्या. या पठ्ठ्याने सायकल काढली, साठेक मैल अंतर तुडवले आणि वाटेत एका ठिकाणी मुक्काम करून शाळा गाठली. शाळेत मात्र तो काही सर्वांचा लाडका नव्हता. अक्षर वाईट, वह्या गिचमीड आणि ओढा फक्त गणित-विज्ञानाकडे. याच शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा एक हुशार मुलगा त्याला भेटला. दोघे मिळून ताऱ्यांविषयी, गणिताविषयी बोलत. अ‍ॅलनचा त्याच्यावर फार जीव होता. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने वारला. हे दुःख अ‍ॅलन कधी विसरला नाही. मित्राच्या आईशी त्याचा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर अवघ्या बाविसाव्या वर्षी ते तिथे फेलो झाले. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन येथे त्यांनी १९३८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तोवर युरोपवर युद्धाचे ढग जमले होते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्रावर सांकेतिक लिपीत पाठवत असे आणि त्या यंत्राची मांडणी रोज बदलत असे. पोलंडच्या गणितज्ञांनी या कोड्याचा पाया आधीच फोडला होता. त्यांच्या कामावरून पुढे जात ट्युरिंग यांनी मांडणी शोधून काढणाऱ्या 'बॉम्ब' नावाच्या यंत्राचा आराखडा केला. गॉर्डन वेल्चमन या सहकाऱ्याने त्यात मोलाची सुधारणा केली. जर्मन नौदलाचे संदेश फोडणाऱ्या गटाचे प्रमुखपद ट्युरिंग यांच्याकडे होते. अटलांटिक महासागरातून ब्रिटनला अन्नधान्य आणि इंधन आणणारी जहाजे पाणबुड्यांपासून वाचवणे या कामावर अवलंबून होते. १९४६ मध्ये सरकारने त्यांना ओबीई हा किताब दिला. पण तो कशासाठी, हे त्यांना आईलाही सांगता येत नव्हते.

युद्धानंतर त्यांनी संगणकाचा तपशीलवार आराखडा तयार केला. १९४८ पासून ते मँचेस्टर विद्यापीठात काम करू लागले. यंत्र विचार करू शकेल का, या प्रश्नावरचा त्यांचा १९५० सालचा निबंध आजही अभ्यासला जातो. ते पट्टीचे धावपटूही होते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन दोन तास शेहेचाळीस मिनिटांत पूर्ण केली होती. १९५१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

इतके सारे असताना या माणसावर खटला का झाला?

ट्युरिंग समलिंगी होते. पुरुषाला स्त्रीविषयी वाटते तसे प्रेम त्यांना पुरुषाविषयी वाटे. ब्लेचलीतल्या सहकारी जोन क्लार्क यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह ठरला, तेव्हा त्यांनी ही गोष्ट त्यांना मोकळेपणाने सांगितली आणि पुढे स्वतःच तो विवाह मोडला. दोघांची मैत्री मात्र टिकली. त्या काळी इंग्लंडात पुरुषांमधील असा संबंध, तो दोघांच्या संमतीने आणि घराच्या चार भिंतींआड असला तरी, १८८५ च्या कायद्याने गुन्हा होता.

जानेवारी १९५२ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. तपासात एका तरुणाशी असलेल्या संबंधांविषयी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. आपण वाईट काही केले आहे असे त्यांना वाटतच नव्हते. झाले! तक्रार देणाराच आरोपी झाला. ३१ मार्च १९५२ रोजी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तुरुंग टाळायचा तर वर्षभर स्त्री-संप्रेरकाचे औषध घ्यावे लागणार होते. त्यांनी औषध पत्करले. शरीरावर त्याचे दुष्परिणाम झाले. विद्यापीठातले काम चालू राहिले. पण ज्या सरकारसाठी त्यांनी युद्धात रात्रीचा दिवस केला, त्याच सरकारच्या गुप्त कामाची दारे त्यांना बंद झाली.

७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे एक्केचाळीस. चौकशीत ती आत्महत्या ठरली. आईला मात्र तो प्रयोग करताना झालेला अपघात वाटत होता.

ब्लेचलीचे रहस्य १९७० च्या दशकात उघड होऊ लागले आणि आपण कोणाला गमावले हे जगाला कळले. इंग्लंड आणि वेल्समधील कायदा १९६७ मध्ये सैल झाला होता. २००९ मध्ये हजारो नागरिकांच्या मागणीनंतर पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारतर्फे माफी मागितली. २४ डिसेंबर २०१३ रोजी राणीने ट्युरिंग यांना मरणोत्तर क्षमा दिली. २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

पण इथे थोडे थांबून विचार करायला हवा. त्याच कायद्याखाली हजारो सामान्य माणसांना शिक्षा झाली होती. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी कामगार. त्यांनी एनिग्मा फोडले नव्हते, म्हणून त्यांना २०१७ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने त्यांनाही क्षमा मिळाली. लोक त्याला 'ट्युरिंग कायदा' म्हणतात.

आपल्याकडेही इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातले होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे ज्या महिन्यात ट्युरिंग यांना क्षमा मिळाली, त्याच महिन्यात आपल्याकडे हा गुन्हा पुन्हा कायम झाला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच असे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला.

कायदा बदलला तरी घर, वर्ग आणि मैदान आपोआप बदलत नाहीत. एखादा मुलगा वेगळा चालतो, वेगळा बोलतो म्हणून त्याला नाव ठेवणे आपल्या शाळेच्या आवारातही सहज घडते. ते मूल पुढे ट्युरिंग होईल म्हणून त्याला सांभाळायचे, असे नाही. ते कोणीही झाले नाही तरी त्याला मानाने जगता यावे. माणूस म्हणून मिळणारी मान्यता हे हुशारीचे बक्षीस नव्हे. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवले, तर ट्युरिंग यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.