छात्रालयातील पहाट : साने गुरुजी आणि मुलांचे वर्तमानपत्र

खानदेशातील अमळनेर या गावी, प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात, सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक हस्तलिखित दैनिक निघत असे. त्याला छापखाना नव्हता, वर्गणीदार नव्हते, जाहिराती नव्हत्या. पहाटे मुले झोपेत असताना एक तरुण शिक्षक कंदिलाच्या उजेडात कागद पुढे ओढून लिहावयास बसे, आणि मुले उठून येत तेव्हा त्या दिवसाचा अंक वाचावयास तयार असे. दैनिकाचे नाव होते ‘छात्रालय’. लिहिणारे शिक्षक होते पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

वसतिगृहात वाढलेल्या व वाढत असलेल्या मुलांच्या या स्मरणिकेत गुरुजींच्या चरित्राचा हा भाग मुद्दाम सांगावासा वाटतो. ‘श्यामची आई’ घरोघरी पोहोचली आहे. पण वसतिगृहातील मुलांसाठी रोज वर्तमानपत्र काढणारे गुरुजी मात्र फारसे कोणास ठाऊक नाहीत.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु वडिलांच्या काळात वैभव ओसरले, कर्ज वाढले आणि घरात गरिबी आली. आई यशोदाबाई यांनी त्या गरिबीतही मुलांचे मन श्रीमंत ठेवले. शिक्षणासाठी पांडुरंगास लहानपणीच घर सोडावे लागले. दापोलीच्या मिशन शाळेत काही वर्षे गेली. पुढे गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून ते औंध संस्थानात गेले. तेथे अर्धपोटी दिवस काढले, आणि प्लेगच्या साथीमुळे तेही गाव सोडावे लागले. नंतर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात ते शिकू लागले. १९१७ साली आई गेली, तेव्हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. ही खंत त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाचे एकटेपण असे त्यांनी स्वतः भोगले होते. परक्या गावात आजारी पडलेल्या मुलाला कोणाची आठवण येते आणि घरचे पत्र आले नाही की तो दिवस कसा जातो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पुढे त्यांनी छात्रालयात जे केले, त्याचे मूळ येथे आहे.

पदवी घेतल्यानंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, आणि १९२४ साली तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. लवकरच छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वसतिगृहाचा अधिकारी म्हणजे शिस्तीची छडी, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. गुरुजींनी छडी हाती घेतली नाही. एखाद्याची खोली अस्वच्छ दिसली तर ती स्वतः झाडून ठेवावी, काजळलेल्या कंदिलाची काच पुसावी, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढावी, असा त्यांचा क्रम होता. आपली खोली गुरुजींनी झाडली हे कळल्यावर मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतः झाडू हाती घेई. रागावण्याने जे साधले नसते ते लाजेने आणि प्रेमाने साधे.

मात्र सेवेने माणूस जवळ येतो, तरी विचार जागे होण्यास शब्द लागतात. सर्व मुलांशी रोज बोलणे शक्य नव्हते, आणि उपदेशाची सभा भरवली की मुले कंटाळतात. यावर गुरुजींना सुचलेला उपाय म्हणजे ‘छात्रालय’ दैनिक. थोर पुरुषांची चरित्रे, देशातील घडामोडी, एखादी गोष्ट, एखादी कविता, आणि या सर्वांबरोबर छात्रालयातील स्वतःच्या जगातील बातम्या, असे त्याचे रूप होते. मोठ्या गावच्या दैनिकांत ज्यांचे नाव कधी येणार नाही, अशा मुलांचे जगणे बातमी होण्याच्या योग्यतेचे आहे, हे त्या हस्तलिखित पानाने रोज सिद्ध केले.

यातील मर्म आपण नीट समजून घेतले पाहिजे. घरून आलेले मूल वसतिगृहात एका यादीतील क्रमांक होऊन जाते. जेवणाच्या ओळीत क्रमांक, हजेरीत क्रमांक, कपड्यांवर क्रमांक. त्याने काल केलेले एखादे चांगले काम जेव्हा सर्वांसमोर लिहून येते, तेव्हा त्या क्रमांकाचा पुन्हा माणूस होतो. आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे, ही जाणीव मुलाला जितकी सुधारते तितकी कोणतीही शिक्षा सुधारीत नाही.

१९२८ साली गुरुजींनी पुढचे पाऊल टाकले आणि ‘विद्यार्थी’ नावाचे छापील मासिक सुरू केले. एका छात्रालयाच्या भिंतीत मावणारा संवाद आता बाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत गेला. स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे वाहत होते. खादी, स्वावलंबन, देशसेवा हे विषय त्या मासिकातून मुलांपुढे आले.

असे असले तरी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. ‘छात्रालय’ दैनिक मुलांसाठी होते, मुलांविषयी होते. परंतु लेखणी प्रामुख्याने गुरुजींच्या हातात होती. त्याच काळात जगात इतरत्र काही शिक्षक हीच लेखणी मुलांच्या हाती देत होते. फ्रान्समधील एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ च्या सुमारास वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुले स्वतःचे अनुभव लिहीत, खिळे जुळवीत, छापीत आणि दुसऱ्या गावच्या शाळेस पाठवीत. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी अनाथालयातील मुलांना स्वतःचा कारभार चालवावयास शिकवले, आणि १९२६ मध्ये वॉर्सा येथे मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक वर्तमानपत्र एका मोठ्या दैनिकाची पुरवणी म्हणून सुरू केले. मुलांच्या तक्रारी, मुलांचे प्रश्न, मुलांच्या बातम्या त्यात येत. १९४२ साली नाझींनी अनाथालयातील मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेले, तेव्हा कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत, त्यांच्याबरोबरच गेले. अमळनेर, फ्रान्स आणि पोलंड येथील हे तिघे एकमेकांच्या शेजारी बसले असते तर त्यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण काम मात्र लगेच कळले असते.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी शिक्षकाच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. धुळे, तिरुचिरापल्ली, नाशिक अशा तुरुंगांतून त्यांचे दिवस गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने गुरुजींनी भराभर टिपून घेतली, म्हणून ती पुढे ग्रंथरूपाने राहिली. रोजचे पान वेळेवर लिहून काढण्याची सवय असलेला हातच हे करू शकतो. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. रात्रीमागून रात्र सोबत्यांना सांगितलेली गोष्ट, असे त्या पुस्तकाचे रूप आहे. छात्रालयात मुलांच्या घोळक्यात बसणारे गुरुजीच तेथे श्याम होऊन बोलतात. पुढे १९३८ मध्ये त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढून खानदेशातील शेतकरी व कामगारांची दुःखे मांडली, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. कंदिलाच्या उजेडात सुरू झालेली पत्रकारिता अशी आयुष्यभर टिकली.

आपल्या समाजास गुरुजींची आठवण आणखी एका कारणाने आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. दहा मे रोजी, मंदिर खुले होण्याचे आश्वासन मिळाल्यावर, ते सुटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग तोपर्यंत वेगळा झाला होता. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू करणाऱ्या बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती. मंदिराचे दार उघडले म्हणून माणसाची गुलामी संपत नाही, हे त्यांनी ओळखले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्माची दीक्षा घेऊन त्यांनी लाखोंना नवा रस्ता दाखवला. आपण त्या रस्त्याचे वाटसरू आहोत. तरीही जन्माने मिळालेल्या उच्चपणाची लाज वाटून, त्यासाठी आपले प्राण पणाला लावणाऱ्या माणसाविषयी कृतज्ञता बाळगण्यास त्यामुळे कोणतीच अडचण येत नाही.

वर्तमानपत्राच्या बाबतीत तर दोघांची वाट एकच होती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे निघाली. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि तिच्या छायेत विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही निघाले. ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, त्याच्या मुलांना अन्न आणि निवारा यांच्या बरोबरीने लेखणीही हवी, हे त्या वेळच्या कार्यकर्त्यांना पुरते समजले होते.

११ जून १९५० रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, गुरुजींनी आपली जीवनयात्रा आपणच थांबवली. स्वातंत्र्यानंतरच्या परिस्थितीने त्यांचे कोमल मन फार व्यथित झाले होते. इतरांच्या मनातले ऐकून घेणाऱ्या या माणसाचे मन ऐकून घेण्यास आपण सारे कमी पडलो, असेच आजही वाटते. मुलांनी आपले दुःख मनात कोंडून ठेवू नये, ते कोणाजवळ तरी बोलावे, लिहावे, हा धडाही त्या दुःखद शेवटातून घेतला पाहिजे.

गुरुजींचे स्मरण हार घालून पूर्ण होत नाही. सारसोळ्यातील आपल्या वसतिगृहात मुलांनी स्वतःचे वर्तमानपत्र चालवावे, ही या लेखामागची खरी इच्छा आहे. त्यास खर्च जवळजवळ नाही. एक मोठा पुठ्ठा, काही कोरे कागद, पेन आणि जेवणघराच्या वाटेवरची एक भिंत एवढे पुरे. संपादक दर महिन्यास बदलावा, म्हणजे अभ्यासात पुढे असलेल्या मुलांचीच ती मक्तेदारी राहणार नाही. ज्याचे अक्षर चांगले त्याने लिहावे, ज्याला चित्र येते त्याने चित्र काढावे, आणि ज्याला दोन्ही येत नाही त्याने माहिती गोळा करून आणावी. वर्तमानपत्रात त्याचेच काम सर्वांत मोठे असते. सारसोळ्याची जेट्टी, खाडीत जाळे टाकणारे कोळी बांधव, भरती-ओहोटीच्या वेळा, कांदळवन, पावसाळ्यात बंद राहणारी मासेमारी, हे सारे विषय दाराशी आहेत.

नियम आपल्या धम्मातच तयार आहेत. सम्यक वाचा म्हणजे खोटे न बोलणे, चहाडी न करणे, कठोर न बोलणे आणि निरर्थक बडबड न करणे. वार्ताहराला याहून चांगली नियमावली कोण देणार? कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेशही येथे लागू पडतो. केवळ ऐकले म्हणून खरे मानू नये, तपासून घ्यावे. डाळ पातळ झाली अशी बातमी लिहावयाची असेल तर आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारावे, तेथील उत्तरही छापावे, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुरुस्ती लिहावी. एवढे शिकलेले मूल उद्या कोणत्याही अफवेच्या मागे धावणार नाही.

अवघड भाग शिक्षकांच्या वाट्याचा आहे. मुलांनी डाळीविषयी लिहिले तर तो कागद काढून टाकण्याचा मोह होईल. मुलांची भाषा सुधारता सुधारता त्यांचे म्हणणेच पुसले जाण्याची भीती राहील. शुद्धलेखन जरूर दुरुस्त करावे. म्हणणे मात्र मुलाचे राहू द्यावे. ज्या भिंतीवर केवळ स्तुती चिकटवता येते, ती भिंत मुले आठवडाभरात वाचावयाचे सोडून देतात.

गुरुजींनी पहाटे उठून मुलांसाठी लिहिले. आता मुलांनी पहाटे उठून स्वतः लिहावे, आणि आपण मोठ्यांनी त्या भिंतीसमोर थांबून ते वाचावे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत आल्यावर कार्यालयाकडे वळण्यापूर्वी त्या दिवसाचा अंक वाचला, तरी मुलांना पुष्कळ मिळाल्यासारखे होईल.