पायातली प्लेट आठ दिवसांत विरघळली, तेव्हा: सर्जन आल्बिन लाँबॉट यांची गोष्ट

अकोल्याचं सर्वोपचार असो की अमरावतीचं इर्विन, हाडांच्या विभागाबाहेर एक प्रश्न हमखास कानावर येतो: रॉड कधी काढायचा? गाडीवरून पडून नडगी मोडलेली असते, प्लेट किंवा रॉड टाकून हाड जुळलेलं असतं, माणूस चालू-फिरू लागलेला असतो. तरीही काही जणांच्या नशिबी दुसरं ऑपरेशन येतंच. पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि ते नेमकं कापूस वेचणीच्या दिवसांत आलं तर बुडणारी मजुरी वेगळी.

हाड जुळेपर्यंत धरून ठेवेल आणि काम झालं की आपोआप नाहीशी होईल अशी धातूची प्लेट मिळाली तर? ही कल्पना आजची वाटते, पण 1906 मध्ये बेल्जियममधल्या एका सर्जनने ती जिवंत माणसाच्या पायात करून पाहिली होती. त्यांचं नाव आल्बिन लाँबॉट.

सुताराचे हात असलेला सर्जन

लाँबॉट यांचा जन्म 1866 चा, ब्रुसेल्सचा. थोरले भाऊ एली हेही सर्जन होते आणि शस्त्रक्रियेचे पहिले धडे आल्बिन यांनी त्यांच्याच हाताखाली गिरवले. पुढे ते अँटवर्पच्या स्टुइव्हेनबर्ग रुग्णालयात गेले आणि तिथेच नावारूपाला आले.

अँटवर्प हे युरोपातलं मोठं बंदर. वऱ्हाडातला कापूस त्या काळी मुंबईहून युरोपात जात असे. अमरावतीच्या नावावरून पडलेलं ‘ऊमरा’ हे त्या कापसाचं व्यापारी नाव तिकडच्या बाजारात रुळलेलं होतं, आणि हिंदुस्थानी कापसाच्या गिऱ्हाइकांत बेल्जियमही होता. गाठी, पेट्या, क्रेन आणि जहाजं यांच्या अशा शहरात हातपाय मोडलेल्या कामगारांची वाण नसते.

मोडलेल्या हाडावर तेव्हाचा उपचार बहुतेक ठिकाणी एकच होता. हाड ओढून सरळ करायचं, प्लास्टर घालायचं आणि महिनोन्महिने पडून राहायचं. हाड वाकडं जुळलं तर माणूस जन्मभर लंगडत असे. कातडी उघडून हाडाला हात घालणं धोक्याचं मानलं जाई, कारण प्रतिजैविकं अजून जन्माला यायची होती आणि जखम चिघळली तर पाय कापण्यापर्यंत वेळ येई.

लाँबॉट यांनी तो धोका पत्करला. हाड उघडायचं, तुकडे नीट जुळवायचे, प्लेट आणि स्क्रूने घट्ट बसवायचे आणि सांधा लवकर हलवायला लावायचा, अशी त्यांची पद्धत होती. तिला त्यांनी ‘ऑस्टिओसिंथेसिस’ म्हणजे अस्थिसंधान असं नाव दिलं. आज जगभरचे हाडांचे डॉक्टर हाच शब्द वापरतात. कातडीबाहेर पट्टी ठेवून आत खिळे घालायची बाह्य चौकटही त्यांनी 1902 मध्ये वापरली.

या कामाला लागणारी हत्यारं बाजारात मिळत नव्हती. मग बरीचशी त्यांनी स्वतःच आखली आणि घडवली. हाताला हे कसब होतंच: लाँबॉट व्हायोलिन बनवत. हौस म्हणून एखाद-दुसरं नव्हे, आयुष्यभरात दीडशेहून जास्त. पातळ लाकूड न तडकता वाकवणारा माणूस हाडाला भोक पाडताना किती जोर लावायचा हे ओळखून असणार, असं मानायला हरकत नाही.

मॅग्नेशियमचा डाव

प्लेट कशाची करायची, हा तिढा मात्र कायम होता. स्टेनलेस स्टील अजून आलेलं नव्हतं. ॲल्युमिनियम, चांदी, पितळ, सोन्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद, सगळ्यांत काही ना काही खोट होती. मॅग्नेशियमकडे लक्ष जाणं साहजिक होतं. अमेरिकेत एडवर्ड ह्यूज यांनी 1878 मध्येच रक्तवाहिन्या बांधायला त्याची तार वापरली होती. ऑस्ट्रियाचे सर्जन एर्विन पायर 1900 च्या सुमारास त्याच्या नळ्यांनी रक्तवाहिन्या जोडू पाहत होते. हा धातू शरीराला परका नाही. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांतच असतं.

1906 मध्ये लाँबॉट यांच्याकडे 17 वर्षांचा एक रुग्ण होता. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं आणि जुळत नव्हतं. लाँबॉट यांनी मॅग्नेशियमची प्लेट बसवली, पण ती आवळली पोलादी स्क्रूंनी.

दुसऱ्याच दिवशी पाय सुजला, दुखू लागला. कातडीखाली वायूचे फुगे धरले. आठव्या दिवशी प्लेट काढावी लागली, तोवर तिची पार चाळण झाली होती.

असं का झालं, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही टिनाच्या छपराकडे पाहून समजतं. टिनपत्र्यावर जस्ताचा थर असतो. ओल लागली की आधी जस्त झिजतं आणि आतलं लोखंड वाचतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खारट पाण्यात राहिले की बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू वेगाने खपतो. शरीर म्हणजे खारट पाणीच. इथे जस्ताच्या जागी मॅग्नेशियम होतं, आणि लोखंडाला वाचवण्यात ते संपून गेलं. मॅग्नेशियम पाण्याशी मिळून हायड्रोजन सोडतं, एका ग्रॅममागे जवळपास लिटरभर. पायातले फुगे त्याचेच.

लाँबॉट यांनी ही फसगत झाकली नाही, छापून टाकली. त्यांच्या एकूण कामात हे पान लहान आहे, पण पुढच्यांना सर्वांत उपयोगी तेच पडलं.

दुसरा प्रयत्न

त्यांचे सहकारी जाँ वेरब्रुख यांनी पुढे प्राण्यांवर प्रयोग केले. या वेळी पोलाद वगळलं. नुसतं मॅग्नेशियम सात ते दहा महिन्यांत पूर्ण जिरून गेलं. मग कोपराजवळ दंडाचं हाड मोडलेल्या मुलांवर उपचार झाले. वायूचे फुगे दिसले, पण हाडं जुळली आणि वर्षभरात धातू नाहीसा झाला. लाँबॉट यांनी 1932 मध्ये हे अनुभव मांडले, तेव्हा ते 66 वर्षांचे होते.

तोवर मात्र वारं फिरलं होतं. स्टेनलेस स्टील आलं होतं. ते गंजत नव्हतं, फुगे धरत नव्हतं आणि नेमकं किती दिवस टिकेल याची चिंता नव्हती. मॅग्नेशियम कधी लवकर विरघळे, कधी उशिरा. त्यातल्या लोखंड, निकेल, तांब्याच्या अगदी किंचित भेसळीने झीज कितीतरी पटींनी वाढते, हे 1940 च्या दशकात स्पष्ट झालं. इतका शुद्ध धातू लाँबॉट यांच्या हाती कधीच नव्हता.

1955 मध्ये त्यांचं निधन झालं. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये एओ हा सर्जनांचा गट स्थापन झाला आणि त्याने प्लेट-स्क्रूची पद्धत जगभर नेली. त्या गटाचे मॉरिस म्यूलर बेल्जियमच्याच रोबेर दानिस यांच्याकडे पाहून प्रेरित झाले होते, आणि दानिस लाँबॉट यांच्या वाटेने चाललेले.

विरघळणारा धातू परतायला आणखी अर्धशतक लागलं. जर्मनीत बनलेल्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या स्क्रूला 2013 मध्ये युरोपात विक्रीची परवानगी मिळाली. त्यात यिट्रियमसारखी मूलद्रव्यं मिसळून झीज मंद केलेली असते. वापर मुख्यतः पायाच्या अंगठ्याजवळच्या हाडासारख्या लहान हाडांसाठी. मांडी किंवा नडगीचा भार पेलण्याइतकी ताकद महिनोन्महिने टिकवून मग वेळेवर विरघळणारी प्लेट अजून रोजच्या वापरात आलेली नाही. म्हणून मोठी हाडं मोडली की आजही स्टील किंवा टायटॅनियमच बसतं.