छपरांचा दाता

दात्याला त्याच्या पैशाचा उगम विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. धाकट्या जॉन डी. रॉकफेलरांच्या बाबतीत मात्र तो प्रश्न टाळता येत नाही. १८७४ साली जन्मलेल्या या गृहस्थांना वडिलांकडून स्टँडर्ड ऑइलची अफाट संपत्ती लाभली. १९१० मध्ये त्या कंपनीचे संचालकपद सोडून त्यांनी दानधर्म हाच व्यवसाय मानला. तरीही १९१४ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायकामुलांसह सुमारे वीस जीव गेले, तेव्हा त्या खाणकंपनीत मोठे भांडवल रॉकफेलर घराण्याचेच होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मन तोफांनी फ्रान्समधील रँस शहराचे कॅथीड्रल पेटविले. युद्ध संपेतो शहराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला होता. १९२४ साली रॉकफेलरांनी पंतप्रधान प्वँकारे यांना पत्र लिहून या कॅथीड्रलसाठी, तसेच व्हर्साय व फोंतेनब्लो येथील राजवाड्यांसाठी दहा लाख डॉलर देऊ केले; १९२७ मध्ये आणखी साडेअठरा लाखांची भर घातली. फ्रँक घसरलेला असल्याने त्या डॉलरांचे मोल फ्रान्समध्ये फार होते. (त्याच काळात अमेरिकेचे सरकार युद्धकर्जाच्या फेडीसाठी फ्रान्सकडे तगादा लावीत होते, हेही विसरता कामा नये.)

या पैशाचा मोठा वाटा छपरांवर खर्च झाला. गळके छप्पर दुरुस्त करण्यात दात्याची शोभा नसते, पण इमारत त्यानेच वाचते. रँसमध्ये वास्तुविशारद आंरी दनो यांनी जळालेल्या लाकडी सांगाड्याच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या सुट्या तुकड्यांचा सांगाडा उभारला. तो पुन्हा पेट घेणार नव्हता. पैसा परका, पण निर्णय तेथील सरकारी वास्तुतज्ज्ञांचा, अशी ती वाटणी होती. शहरातील घरे मात्र या देणगीत बसली नाहीत.

मायदेशी चित्र वेगळे होते. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग गावात १९२६ पासून जमिनी व घरे प्रथम दुसऱ्याच्या नावे विकत घेण्यात आली. तेथे मालक तेच आणि निवडही त्यांचीच. गाव अठराव्या शतकातले दिसावे म्हणून नंतरच्या काळातील सातशेहून अधिक इमारती पाडण्यात आल्या. एकोणिसाव्या शतकाची बाजू मांडणारा तेथे कोणी नव्हता.

रँसचे कॅथीड्रल १९३८ साली पूर्णपणे खुले झाले. रॉकफेलर १९६० मध्ये निवर्तले. सहा वर्षांनी व्हेनिस पुराखाली गेले, तेव्हा देशोदेशींच्या खासगी समित्या धावून आल्या आणि त्यांनीही दुरुस्तीसाठी एकेक चर्च, एकेक चित्र निवडून घेतले.