धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (जन्म : नाशिक, १० एप्रिल १९०१, मृत्यू : ३ मे १९७१) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. एखाद्या उद्योगाचे किंवा सार्वजनिक कामाचे यश केवळ त्याच्या ताळेबंदावरून न ठरवता, भोवतालच्या समाजावर झालेल्या परिणामांचीही मोजदाद व्हावी, ही दृष्टी त्यांनी संशोधनात व अध्यापनात रुजवली. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत आज सामाजिक परिणामांचे मूल्यमापन या नावाने जे शिकवले जाते, त्याचा एक महत्त्वाचा पूर्वप्रयोग त्यांच्या कालव्यांच्या पाहणीत आढळतो.

शिक्षण आणि प्रारंभीचा काळ

गाडगीळांचे बालपण व शालेय शिक्षण नागपूरला झाले. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १८६० नंतरचा कापसाच्या तेजीचा काळ, दुष्काळ, रेल्वे, हस्तव्यवसायांचा ऱ्हास आणि कारखानदारीचा उदय यांचा त्यात मागोवा आहे. हा ग्रंथ पुढे अनेक वर्षे महाविद्यालयांत पाठ्यग्रंथ म्हणून वापरला गेला. मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. १९२५ ते १९३० या काळात ते सुरतच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

गोखले संस्था

रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाने १९३० साली गोखले संस्था स्थापन झाली. गाडगीळ आरंभापासून १९६६ पर्यंत तिचे संचालक होते. विद्यार्थ्याने ग्रंथालयात बसून सिद्धान्त अभ्यासावेत, तसेच बाजारात, शेतावर व कामगारवस्तीत जाऊन माहितीही गोळा करावी, असा तेथील शिक्षणाचा परिपाठ होता. पुण्यातील फळांची विक्रीव्यवस्था, मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय, पुणे व सोलापूर शहरांचे सामाजिक-आर्थिक जीवन अशा पाहण्या संस्थेने केल्या. भारतात नमुना पाहणीचे तंत्र नवीन असताना हे काम झाले.

कालव्यांची पाहणी

ब्रिटिश अमदानीत पाटबंधाऱ्यांची कामे उत्पादक व संरक्षक अशा दोन वर्गांत मोडत. गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा देणारी ती उत्पादक आणि दुष्काळनिवारणासाठी तोटा सोसून केलेली ती संरक्षक. दख्खनचे बहुतेक कालवे दुसऱ्या वर्गात होते. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ते आतबट्ट्याचे ठरत.

गाडगीळांनी हा हिशेब अपुरा असल्याचे दाखवून दिले. गोदावरी व प्रवरा कालव्यांखालील बागायती भाग आणि त्याच्या शेजारचा जिरायती भाग यांची त्यांनी तुलना केली. पिकांचे उत्पन्न, मजुरीचे दिवस, गूळ-साखरेसारखे प्रक्रियाउद्योग, वाहतूक व व्यापार यांत पडलेला फरक मोजण्यात आला. पाणीपट्टीपेक्षा समाजाला मिळालेला अप्रत्यक्ष लाभ कितीतरी मोठा आहे, असा निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात निघाला. प्रकल्पाचा लाभ-व्यय समाजाच्या बाजूने मोजण्याचे भारतातील हे आरंभीचे उदाहरण मानले जाते.

या पाहणीला मर्यादाही होत्या. जमिनीचा व पाण्याचा दीर्घकालीन ऱ्हास हा तिचा गाभा नव्हता. अवर्षणप्रवण प्रदेशात ऊस पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, हा आक्षेप पुढील काळात तीव्र झाला. पर्यावरणाच्या किमतीची जाणीव मात्र गाडगीळांना होती. कोयना प्रकल्प पाहताना, उद्योगांना वीज हवीच, पण त्यासाठी जंगलाचा नाश व स्थानिकांचे हाल अटळ आहेत का, असा प्रश्न त्यांनी बोलून दाखवल्याची आठवण त्यांचे पुत्र व परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नोंदवली आहे.

सहकार आणि बँकव्यवहार

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. १९५०-५१ च्या हंगामात तेथे गाळप सुरू झाले. वैकुंठभाई मेहता यांचेही या प्रयत्नास पाठबळ होते. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक असावा आणि नफ्यातून परिसराची उभारणी व्हावी, हा या प्रयोगाचा हेतू होता.

१९४५ च्या शेती वित्तपुरवठा उपसमितीचे ते अध्यक्ष होते. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या संचालन समितीचेही ते सदस्य होते. १९६९ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हे क्षेत्र धरून काम करावे, अशी शिफारस केली. त्यातूनच अग्रणी बँक योजना आली.

नियोजन आयोग

१९६६ साली ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य व पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ मध्ये त्यांच्याकडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद आले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे गाडगीळ सूत्र याच काळातले आहे. त्यात लोकसंख्येला ६० टक्के आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प, तसेच राज्याच्या विशेष समस्या यांना प्रत्येकी १० टक्के भार होता. वाटप मर्जीवर न राहता नियमाने होऊ लागले. मागास राज्यांना त्यात पुरेसे झुकते माप नाही, अशी टीकाही झाली. पदमुक्त होऊन दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेप्रवासात त्यांचे निधन झाले.

खानदेशच्या संदर्भात

अग्रणी बँक योजनेत जळगाव व धुळे जिल्ह्यांची जबाबदारी सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे आली. प्रवरेच्या धर्तीवर फैजपूरचा मधुकर व साक्री तालुक्यातील भाडणे येथील पांझराकान हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दोन्ही पुढे आर्थिक संकटात सापडले. सभासद शेतकरी, कामगार व ऊसतोड मजूर यांच्यावर अशा संकटाचा जो भार पडतो, तो ताळेबंदात पूर्णपणे दिसत नाही. तो मोजण्यास गाडगीळांचीच पद्धत लागते. पांझरा नदीवरील जुनी फड पद्धत हे याच प्रदेशातील दुसरे उदाहरण होय. तीत पाणी आणि पीक या दोन्हींचा निर्णय शेतकरी मिळून घेत.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांच्या १ कोटी रुपये वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे स्वतंत्र परिणाम-मूल्यमापनही आवश्यक ठरले. त्यामुळे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लाभार्थी व बिगरलाभार्थी गावांच्या तुलनेचे तंत्र शिकावे लागते. कालव्यांच्या पाहणीत गाडगीळांनी तेच वापरले होते.

निवडक ग्रंथ

द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स (१९२४)
इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन (१९४८)
प्लॅनिंग अँड इकॉनॉमिक पॉलिसी इन इंडिया (१९६१)