विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसुझा आजच्या पात्रता फेरीत का खेळू शकले नसते?

ऑलिम्पिक फुटबॉलचे दार आता २३ वर्षांखालील खेळाडूंच्या आशियाई स्पर्धेतून उघडते. भारताला या स्पर्धेच्या मुख्य फेरीतही अद्याप जागा मिळालेली नाही. मात्र याच ऑलिम्पिकमध्ये एकेकाळी भारत चौथा आला होता आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांमध्ये एक नाव मुंबईत खेळणाऱ्या गोवेकराचे होते. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकचे नायक नेव्हिल डिसुझा कोण होते, त्यांच्या काळात ऑलिम्पिकला जाण्याची वाट कशी होती आणि आज ती कशी बदलली आहे, याचा हा आढावा.

नेव्हिल डिसुझा कोण होते?

नेव्हिल डिसुझा यांचा जन्म ३ जुलै १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. ती १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. म्हणजे भारताच्या रंगाचा पोशाख घालून ते मेलबर्नच्या मैदानात उतरले, तेव्हा त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते.

मुंबई आणि गोवा यांचे नाते मात्र या सीमेच्या पलीकडचे होते. पोटापाण्यासाठी मुंबई गाठणारे गोवेकर धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत वसले. गावागावांच्या कुडी, म्हणजे सामायिक मुक्कामाच्या जागा, तिथे उभ्या राहिल्या. बोटीवर खलाशी, हॉटेलात आचारी, बँडमध्ये वादक, कचेरीत कारकून अशी कामे करणाऱ्या या समाजाने चर्च आणि संगीताबरोबर फुटबॉलही मुंबईत रुजवला. शहरातील मिशनरी शाळांची मैदाने आणि कूपरेज ही या खेळाची दोन घरे होती. नेव्हिल याच वातावरणात घडले. ते हॉकीही उत्तम खेळत. त्यांचे भाऊ डेरेक हेही नावाजलेले फुटबॉलपटू होते.

मुंबईच्या फुटबॉलमध्ये त्यांची ओळख कशी झाली?

त्या काळी भारतात फुटबॉल हा पूर्णवेळ व्यवसाय नव्हता. मुंबईत कंपन्यांचे संघ असत. कंपनी खेळाडूला नोकरी देई आणि खेळाडू कंपनीसाठी मैदानात उतरे. दिवसा काम, संध्याकाळी सराव आणि हंगामात हार्वूड लीगचे सामने, असा क्रम असे. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. कॅल्टेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक जिंकला.

१८९१ पासून मुंबईत होणाऱ्या रोव्हर्स चषकाचे महत्त्व तेव्हा मोठे होते. कलकत्त्याचे मोठे क्लब, लष्कराचे संघ आणि हैदराबादचे पोलीस असे सारे या स्पर्धेसाठी मुंबईत येत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने नेला. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. पुढे भारतीय संघाची धुरा सांभाळणारे रहीम साहेब ते हेच.

आंतरराज्य संतोष करंडक मुंबईने पहिल्यांदा १९५४च्या स्पर्धेत जिंकला. त्या विजेत्या संघात नेव्हिल होते. बंगाल आणि हैदराबाद यांचा दबदबा असलेल्या काळात मुंबईचा सेंटर फॉरवर्ड भारतीय संघात पोहोचला, तो अशा कामगिरीच्या बळावर.

मेलबर्नपूर्वी भारताची ऑलिम्पिकमधील स्थिती काय होती?

स्वतंत्र भारताचा संघ १९४८ मध्ये पहिल्यांदा लंडन ऑलिम्पिकमध्ये खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया गेल्या आणि भारत १-२ असा हरला. १९५२ मध्ये हेलसिंकीत तर युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंड, ओलसर मैदानावर अनवाणी खेळणे किती महागात पडते हे त्या दिवशी दिसले. त्यानंतर राष्ट्रीय महासंघाने बूट सक्तीचे केले.

मेलबर्नला जाणारा संघ या पराभवाच्या सावलीतच तयार झाला. प्रशिक्षक रहीम यांनी छोटे पास, वेगवान हालचाली आणि शिस्त यांवर भर दिला. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी होते. गोलरक्षक पीटर थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण, तर पुढच्या फळीत पी. के. बॅनर्जी, तुळशीदास बलराम, जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू आणि नेव्हिल डिसुझा. संघ तरुण होता. पी. के. बॅनर्जी तर अवघे २० वर्षांचे होते.

भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत कसा पोहोचला?

१९५६चे ऑलिम्पिक जागतिक राजकारणाने ढवळून निघाले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. सुएझ कालव्यावरून युद्ध पेटले. फुटबॉल स्पर्धेतून एकामागून एक देशांनी माघार घेतली आणि शेवटी ११ संघ उरले. भारताचा पहिला सामना गतविजेत्या हंगेरीशी होता. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही, त्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली.

त्यामुळे भारताच्या चौथ्या क्रमांकाकडे पाहताना हे लक्षात ठेवावे लागते, की स्पर्धेत भारताने प्रत्यक्ष मैदानावर एकच सामना जिंकला. मात्र तो यजमानांविरुद्ध, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर जिंकला.

१ डिसेंबर १९५६ रोजी काय घडले?

उपांत्यपूर्व फेरीत भारतासमोर ऑस्ट्रेलिया होता. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. १७व्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतराच्या थोडे आधी, ४१व्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. सामना २-२ असा अडला असताना, ५०व्या मिनिटाला नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला. ८०व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल करून ४-२ असा निकाल पक्का केला.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य फेरी गाठणारा भारत हाही आशियातील पहिलाच देश होता.

युगोस्लाव्हियाविरुद्ध पुन्हा काय झाले?

४ डिसेंबरला उपांत्य सामन्यात भारताची गाठ पुन्हा युगोस्लाव्हियाशी पडली. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा हाच देश. १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले होते. पूर्वार्धात भारताने त्यांना गोल करू दिला नाही. उत्तरार्ध सुरू झाल्यावर काही मिनिटांतच नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला. सुवर्णपदकाच्या लढतीपासून भारत त्या क्षणी एका विजयाच्या अंतरावर होता.

ही आघाडी फार टिकली नाही. युगोस्लाव्हियाने थोड्याच वेळात तीन गोल केले, त्यात भारताच्या एका स्वयंगोलाची भर पडली आणि सामना ४-१ असा गेला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा आला. नेव्हिल यांचे चार गोल झाले होते. बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे टोडोर वेसेलिनोविच यांचेही प्रत्येकी चारच. तिघे संयुक्तपणे स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

एवढे करूनही नाव मागे का पडले?

याची काही कारणे सरळ आहेत. कांस्यपदकाच्या लढतीच्या आदल्याच दिवशी, ६ डिसेंबरला, भारतीय हॉकी संघाने पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. देशाचे सारे लक्ष तिकडे गेले. चौथ्या क्रमांकाला पदक नसते. सामने घरोघरी दिसण्याचा तो काळ नव्हता. त्या गोलांच्या बातम्या आल्या, पण ते गोल फार थोड्या भारतीयांनी पाहिले.

दुसरे कारण भारतीय फुटबॉलच्या रचनेत होते. कीर्तीचे केंद्र कलकत्ता होते. तिथल्या मोठ्या क्लबांतून खेळणाऱ्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मुंबईच्या कंपनी संघांना तसा लाखोंचा पाठीराखा नव्हता आणि ते संघही पुढे हळूहळू ओसरले. १९६०च्या रोम ऑलिम्पिक संघात नेव्हिल नव्हते. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला आणि फुटबॉलमधील पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. नेव्हिल यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वाटेने जाणारे मात्र होते. गोव्याचेच फोर्तुनातो फ्रँको मुंबईत टाटांकडून खेळले आणि १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते.

आता ऑलिम्पिकला जाण्याचा मार्ग काय आहे?

नेव्हिल यांच्या काळी नियम वयाचा नव्हता, हौशीपणाचा होता. खेळाचे पैसे घेणाऱ्या व्यावसायिकांना ऑलिम्पिक बंद होते. नोकरी सांभाळून खेळणारे भारतीय त्यात बसत. पूर्व युरोपातील देशांचे अव्वल खेळाडूही कागदोपत्री हौशीच असत, त्यामुळे पदके बहुधा तिकडेच जात. १९८० च्या दशकात व्यावसायिकांना काही अटींसह प्रवेश मिळाला. मात्र ऑलिम्पिक ही विश्वचषकाला समांतर स्पर्धा होऊ नये, अशी जागतिक महासंघाची भूमिका होती. त्यातून १९९२ पासून पुरुषांसाठी २३ वर्षांची मर्यादा आली. १९९६ पासून प्रत्येक संघाला तीन मोठ्या वयाचे खेळाडू घेण्याची मुभा मिळाली.

आशियात २०१६ पासून २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धा हीच, ऑलिम्पिकच्या वर्षात, पात्रता फेरी असते. २०२४च्या स्पर्धेतून जपान, उझबेकिस्तान आणि इराक थेट पॅरिसला गेले. चौथ्या आलेल्या इंडोनेशियाला आफ्रिकेतील गिनीविरुद्ध आणखी एक सामना खेळावा लागला आणि त्यात तो हरला.

२०२४ साठी १ जानेवारी २००१ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. हाच हिशेब १९५६ला लावला, तर मर्यादेची तारीख १ जानेवारी १९३३ येते. नेव्हिल यांचा जन्म त्याच्या सहा महिने आधीचा. मोठ्या वयाच्या तीन खेळाडूंची सवलत मुख्य ऑलिम्पिकमध्ये असते, आशियाई पात्रता स्पर्धेत नसते. म्हणजे आजच्या नियमात ते पात्रता फेरी खेळूच शकले नसते. बाकीच्यांनी संघाला तिथवर नेले असते, तरच तीनपैकी एका जागेसाठी त्यांचा विचार झाला असता. कर्णधार बद्रू बॅनर्जी यांचा जन्म १९३० चा, त्यामुळे त्यांचीही गत तीच झाली असती.

भारत आता कुठे आहे?

भारताचा पुरुष संघ शेवटचा ऑलिम्पिकमध्ये खेळला तो १९६० मध्ये रोमला. तिथे फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, हंगेरी आणि पेरूविरुद्ध पराभव झाला. त्यानंतर पुन्हा संधी मिळालेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोहा येथे झालेल्या २३ वर्षांखालील आशियाई स्पर्धेच्या पात्रता सामन्यांत भारताने बहारीनला २-० आणि ब्रुनेईला ६-० असे हरवले, पण कतारविरुद्धच्या १-२ पराभवाने गटातील पहिले स्थान हुकले आणि मुख्य फेरीची जागाही.

पुढचे गणित अधिक अवघड आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे संघ १६ वरून १२ वर येणार आहेत आणि त्यांपैकी आशियाच्या वाट्याला दोनच जागा आहेत.

वेळापूरच्या मुलासाठी याचा अर्थ काय?

सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर हे अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरासाठी, माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी आणि खो-खोसाठी ओळखले जाते. २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातील रामजी कश्यप याच गावचा. मैदानावर घाम गाळला तर गावातून देशाच्या संघापर्यंत जाता येते, हे इथल्या मुलांनी पाहिले आहे.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलासाठी पहिली पायरी शालेय स्पर्धेची असते. १९६० पासून होणाऱ्या सुब्रतो चषकाची वाट माळशिरस तालुका, सोलापूर जिल्हा, पुणे विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय फेरी अशी जाते. पण वयाच्या मर्यादेमुळे इथे वेळ हाताशी कमी असतो. २४व्या वर्षी बहरात आलेल्या नेव्हिल यांना त्यांच्या काळाने सामावून घेतले. आजच्या मुलाला २३ वर्षांचा होईपर्यंत राज्य, क्लब आणि राष्ट्रीय शिबिर हे सारे टप्पे ओलांडावे लागतात. त्यामुळे चांगला चेंडू, नियमित सामने आणि जाणता प्रशिक्षक त्याला शाळेच्या वयातच मिळतो की नाही, यावर पुढचे बरेचसे ठरते. मुंबईच्या मैदानांवर, कंपन्यांच्या संघांत आणि दरवर्षीच्या लीग सामन्यांत नेव्हिल यांना नेमके तेच मिळाले होते.