दीनदयाळांची पेन्शन

बारावीचा निकाल लागल्यावर मी आप्पांना सांगितले की मला फोटोग्राफी शिकायची आहे. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी एवढेच विचारले, "महिन्याला किती मिळतील?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला मी वाचनालयात गेलो आणि राजा दीनदयाळ यांच्या चरित्रात रमून गेलो.

दीनदयाळांचा जन्म 1844 साली मीरतजवळच्या सरधन्याचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते 1866 साली इंदूरला बांधकाम खात्यात लागले. काम नकाशे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज बांधण्याचे. म्हणजे आप्पांच्या मनासारखी, अगदी पक्की नोकरी! कॅमेरा त्यांच्या हाती आला तो मागाहून, तिशीच्या सुमारास. त्या काळी काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. आमच्यासारखे बटण दाबले की झाले, असे नव्हते. तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांचेही फोटो दीनदयाळांनी काढले.

तरीही त्यांनी नोकरीवर लगेच लाथ मारली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडातली जुनी देवळे-किल्ले टिपले, मग लांब रजा काढून धंदा अजमावला आणि त्यानंतरच पेन्शन घेतली. पुढे व्हाइसरॉयचे फोटोग्राफर, हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर, 'राजा' हा किताब, असे सगळे येत गेले.

पण किताबावर स्टुडिओ चालत नाही. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता, 1896 साली मुंबईतही निघाला. पलटणींचे गट, शिकारीचे प्रसंग, लग्नसमारंभ, प्रवाशांना विकायची दृश्ये, काहीच त्यांनी कमी लेखले नाही. 1892 मध्ये तर हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून त्यावर एक इंग्रज बाई नेमल्या. ज्या घरात पुरुष फोटोग्राफरला पाऊल टाकता येत नव्हते, तिथले गिऱ्हाईक त्यांनी असे मिळवले. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्याला मी हे सांगितले, तर तो पासपोर्ट फोटो कापता कापता नुसता हसला.

1904 साली त्यांचा मुलगा धरमचंद वारला आणि 1905 साली ते स्वतः गेले. त्यानंतर धंद्याला उतरती कळा लागली. उरलेल्या 2,857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या.

हे सारे मी आप्पांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पेन्शनचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. सध्या मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात आहे. रविवारी लग्नांचे फोटो काढायला जातो. गेल्या महिन्यात मिळालेले पैसे आप्पांनी स्वतः मोजले आणि पोस्टातल्या माझ्या खात्यात भरले.